ओली थप्पी

फोन आला तेव्हा मी चाळीसगावला एका बियाण्याच्या दुकानात होते. दुकानदाराला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट समजावत होते, की वाण एक असलं तरी प्रत्येक खेपेचा माल वेगळा असतो आणि त्याची किंमतही वेगळी लिहावी लागते. तो मान डोलावत होता आणि ऐकत मात्र नव्हता. मामीचा फोन दोनदा आला, मी दोन्ही वेळा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर मामी म्हणाली, "सुजाता, तुना मामा गयात व माय." मला आधी रडू आलं नाही, राग आला. चार दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून मामीनेच कळवलं होतं आणि मी मामांना फोनवर दम भरला होता, की आजच्या आज डॉक्टरकडे जा. त्यावर उत्तर आलं होतं, "ॲसिडिटी शे. सोडा पिधा का उतरी जाई." आता उतरली म्हणायची... आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची इतकी काळजी घेतलेल्या माणसाला स्वतःच्या छातीकडे एकदा नीट बघायला काय झालं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. साक्रीकडच्या एका लहान गावातून तरुणपणी जळगावला आले आणि एका दालमिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायला लागले. पुढे गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या आणि तीसेक वर्षं तिथेच राहिल्या. मिलमध्ये त्यांना शेठपासून हमालांपर्यंत सगळे नाना म्हणत. मी मामा म्हणायचे आणि बऱ्याचदा दातओठ खाऊन म्हणायचे, कारण माणूस महाहट्टी होता. लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसले की वरणाचा पहिला घास घेऊन मोठ्याने जाहीर करायचे, "जुनी तूर शे." वाढपी ओशाळायचा, यजमान कानकोंडा व्हायचा, आम्ही पोरं मान खाली घालून बट्टी कुस्करत राहायचो. मामी कोपरखळी मारायची तर म्हणायचे, मी वाईट कुठे म्हटलं, जुनी म्हटलं. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली धरायचे आणि तो फुटल्याचा आवाज ऐकून सांगायचे की ह्यात ओल किती आहे आणि डाळ किती उतरेल. मला हे ढोंग वाटायचं. एकदा मुद्दाम दोन ठिकाणचे दाणे अदलाबदल करून दिले, तर दाणा थुंकून म्हणाले, इंजिनेर झालीस तरी खोड्या जात नाहीत तुझ्या.

त्यांच्या गोदामात माल थप्प्यांनी लागायचा. थप्पी म्हणजे एकावर एक रचलेली पोती, छताजवळ जाईपर्यंत. बाहेरच्याला सगळ्या थप्प्या सारख्याच दिसतील, तूर ती तूर. मामांच्या लेखी प्रत्येक थप्पी स्वतंत्र होती. ही चोपड्याकडची, कोरडी, महागात घेतली पण उतारा चांगला देणार. ही साक्रीची, दाणा बारीक, स्वस्त. ती कोपऱ्यातली गेल्या सालची, आधी तिला भरडायला काढा. कुठली कोणत्या भावाने आली, किती सुकली, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि एका लाल वहीतही असायचं. डाळ विकताना शेठ विचारायचे, नाना, ही आपल्याला कितीत पडली? मामा वही न उघडता सांगायचे आणि शेठ त्यावर भाव ठरवायचे.

मी धुळ्यात शिकले आणि व्यापाऱ्यांकडे सॉफ्टवेअर बसवून द्यायचं काम सुरू केलं. बिलं, खरेदी, साठा, सगळं एका ठिकाणी. पहिली दोन वर्षं किराणा दुकानं आणि औषधांची दुकानं यातच गेली. दालमिलचं मोठं काम मिळालं ते मामांमुळे. "शेठ, मनी भाची शे. तिले बठ्ठं येस," असं त्यांनी सांगितलं आणि शेठनी होकार दिला. बठ्ठं म्हणजे सगळं, आणि सगळं काही येत नव्हतं मला. पण हे कबूल करायला जे शहाणपण लागतं तेही नव्हतं. शेठचं एकच म्हणणं होतं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर पहिलं बिल कॉम्प्युटरवर निघालं पाहिजे. आखाजीला तीन आठवडे उरले होते.

असं सॉफ्टवेअर सुरू करताना ते सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतं. साठ्याची किंमत कुठल्या पातळीवर ठेवायची? सगळी तूर एक वस्तू मानून तिची सरासरी किंमत धरायची, की गोदामागणिक वेगळी, की त्याहून खाली उतरून प्रत्येक खेपेची, म्हणजे प्रत्येक थप्पीची वेगळी? जितकं खाली उतरावं तितकं खरं चित्र दिसतं आणि तितक्या नोंदी वाढतात. एकदा ठरवलं आणि माल चढवायला सुरुवात केली की मध्येच बदलता येत नाही, नव्या वर्षी नव्याने सगळं मांडावं लागतं. प्रश्न साधा आहे, पण तो विचारायचा कसा, इथेच माझं घोडं पेंड खात होतं. मी लॅपटॉप घेऊन गोदामात गेले. मामा थप्पीवर चढलेल्या हमालांवर खेकसत होते. मी खालून ओरडून विचारलं, "मामा, मालाचं कसं ठेवायचं? सरसकट की वेगवेगळं?" त्यांनी मान न वळवता सांगितलं, "माल तं आपन सरसकटच लेतस, भाची." मी स्क्रीनवर खूण केली. सरसकट. सगळी तूर एक, किंमत एक. मला तर बरंच वाटलं. नोंदी कमी, काम कमी, आखाजी गाठता येणार.

आता यात चूक काय झाली ते बाजार समितीत वावरलेल्या कोणालाही कळेल, मला कळायला दोन वर्षं लागली. बाजारात सरसकट म्हणजे न चाळता, न निवडता, शेतकऱ्याचा ढीग जसा असेल तसा एका भावाने उचलायचा. मामा मला खरेदीची रीत सांगत होते. आणि ढीग सरसकट घेतला म्हणूनच तर तो दुसऱ्या ढिगात मिसळायचा नसतो, कारण त्याचा भाव त्याच्यापुरता असतो, त्यातली माती आणि ओलही त्याच्यापुरती. म्हणजे जो शब्द माझ्या मते 'मिसळा' असा होता, तो त्यांच्या मते 'मिसळू नका' असा होता. आम्ही दोघंही खान्देशातले, एकाच घरातले, एकच शब्द बोललो आणि एकमेकांच्या बरोबर उलट बोललो. थप्पीवरून खाली उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. मी थांबले नाही... पाच मिनिटं मला जड झाली.

आखाजीला बिल निघालं, शेठनी पेढे वाटले. मी मामांना म्हटलं, आता ती लाल वही बंद करा, दोन-दोन ठिकाणी लिहायचं कशाला. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी शेठही म्हणाले, नाना, भाचीचं ऐका. वही कपाटात गेली. एवढ्या हट्टी माणसाने बाकी सगळ्यांना धुडकावलं आणि नेमकं माझं ऐकलं, याचाही मला आज राग येतो.

पुढच्या पावसाळ्यात धाकट्या शेठनी, म्हणजे शेठच्या मुलाने, एक ट्रक तूर स्वस्तात घेतली. ती वाटेत भिजलेली होती. मामांनी एक दाणा चावला, तो दाताखाली फुटलाच नाही, नुसता चेपला. त्यांनी सांगितलं, घेऊ नका. धाकटे शेठ म्हणाले, एवढा स्वस्त माल कोण सोडतं, तुम्ही जुन्या वळणाची माणसं. ट्रक रिकामा झाला. "हाई थप्पी वल्ली शे, हिले न्यारी ठेवा," असं हमालांना बजावत मामांनी ती पलीकडच्या भिंतीशी लावून घेतली. ऊन पडलं की पोती बाहेर काढायची, पसरायची, पुन्हा भरायची, असं महिनाभर चाललं. सुकल्यावर वजन घटलं, ते घटणारच होतं. खालची काही पोती बुरशी लागून काळी पडली, ती फेकून द्यावी लागली. उरलेली डाळीत गेली आणि थप्पी संपली. कोणाला काही वाटलं नाही, कारण सगळं डोळ्यांदेखत झालं होतं.

वर्षअखेरीला साठा मोजला तर कॉम्प्युटरवरच्या तुरीपेक्षा गोदामातली तूर कमी भरली. तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं, ही तूट कुठल्या मालातली? कॉम्प्युटरवर माल एकच होता, तूर. त्याची किंमतही एकच होती, सरासरी. म्हणजे जी घटली आणि कुजली ती मातीमोल भावाची ओली तूर, पण कागदावर तिची किंमत लागली ती चोपड्याच्या चांगल्या तुरीबरोबर मिसळून. आकडा फुगला. आणि थप्पीचा कुठे पत्ताच नसल्यामुळे, तूट त्या एका थप्पीतली आहे हे दाखवायला जागाच नव्हती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओल्याच्या पायी सगळं सुकं संशयात आलं. मामा सांगत राहिले, ती थप्पी सुकली. समोरचा माणूस म्हणत राहिला, दाखवा. तो ट्रक घेणारे धाकटे शेठ तिथेच बसले होते आणि मोबाइल बघत होते. शेवटी मोठे शेठ म्हणाले, "नाना, तुमच्यावर कोणाचा संशय नाही." संशय नाही असं कोणी मुद्दाम सांगू लागलं की समजावं, तो आहे. पुढच्या महिन्यात मामांचं वय झालं, जिने चढणं बरं नाही, वगैरे कारणं निघाली आणि किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. मामांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला.

त्या आधी, त्या तपासणीच्याच दिवशी दुपारी, मामांनी मला फोन केला होता. आवाज नेहमीसारखाच, जरा घाईचा. "सुजाता, तुना डब्बामा ती वल्ली थप्पी कोठे शे, तितलं दाखाडी दे." डबा म्हणजे कॉम्प्युटर. मी धुळ्यात बसून त्यांच्या मिलचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्या खुणेपाशी गेले. सरसकट. तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की मी काय करून ठेवलंय. तिथल्या तिथे शेठना फोन करून सांगायला हवं होतं, की ही माझी चूक आहे, नानांची नाही, वही मीच बंद करवली, पण खेपांच्या पावत्या लावून थप्पी उभी करता येते, मी येते संध्याकाळपर्यंत. जळगाव काही लांब नाही. पण शेठच्या शब्दावर मला आणखी तीन मिलची कामं मिळायची होती. मी म्हटलं, "मामा, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही."

सोय होती. त्या सॉफ्टवेअरची जाहिरातच त्या सोयीवर चालायची.

मामा म्हणाले, "नही शे तं नही शे. मशीनले काय बोलानं." आणि माझ्या जेवणाची चौकशी करून फोन ठेवला. मला तेव्हा हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. पुढच्या वर्षी नवीन मांडणी करताना मी शेठना सुचवून पाहिलं, की थप्पीवार ठेवूया का. ते म्हणाले, चाललंय ना, कशाला उकरताय. मी उकरलं नाही. दालमिलमध्ये बसून तोंडात मूग गिळणारी मी पहिलीच नसेन, पण मी ते नेहमीच्या सवयीने गिळत राहिले, आणि मला तीन मिलची कामंही मिळाली.

फाटकावर मामा दीड वर्ष बसले. मी जळगावला गेले की भेटायचे, आणि खरं सांगायचं तर लवकर निघायची घाई करायचे. शेवटच्या भेटीत ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. एक ट्रक आत आला. नंबर लिहून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, माल कुठला. तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय बाबा, नंबर लिहा. मामांनी पेन खिशाला लावलं. ह्याच माणसाने एके काळी ड्रायव्हरांना माल परत न्यायला लावला होता. ट्रक गेल्यावर मला म्हणाले, "आते नवी तूर ई राह्यनी. थप्प्या कोन लावस, काय ठाऊक." मला सांगायचं होतं... तोंडापर्यंत आलंही होतं. पण फाटकावर कसं बोलायचं, आता बोलून काय उपयोग, घरी निवांत सांगू, असं करत मी बस गाठली.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला शेठ आले होते. बुद्धवंदना झाली, मग काही जण बोलायला उठले. शेठही उठले आणि हात जोडून म्हणाले, आमच्या मिलमधली जुनी माणसं सगळीच सोन्यासारखी, नानाही त्यातलेच. लोकांनी माना डोलावल्या. मामी डोकं खाली घालून ऐकत होती. मला भयंकर चीड आली. मेल्यावरसुद्धा ह्या माणसाला सगळ्यांबरोबर एकाच ढिगात घातलं. सोन्यासारखी सगळीच माणसं नव्हती, ओला माल घेऊन मोबाइल बघणारीही होती. मला सर्वांसाठीची स्तुती नको होती. मला फक्त एवढंच एक वाक्य हवं होतं, की त्या थप्पीत नानांचा दोष नव्हता.

आठ दिवसांनी मी मिलमध्ये गेले. शेठ एकटेच होते. मी बसलेसुद्धा नाही. सगळं सांगितलं, अगदी आखाजीपासून. सरसकट शब्द कसा चुकला, खूण मी केली, वही मी बंद करवली, तूट त्या ओल्या थप्पीची होती, आणि थप्पीवार किंमत ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून होती. शेठनी चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, दुःखात माणूस स्वतःला बोल लावतो. असं करू नका. सोय नव्हतीच."

"होती, शेठ. मी दाखवते तुम्हाला आत्ता."

"अहो, नानांनीच सांगितलं होतं ना मला त्या दिवशी. म्हणाले, पोरीला काही बोलू नका, मशीनमध्येच सोय नाही. ते गेले म्हणून बोलतो असं समजू नका, पण एक सांगतो, नाना काहीही असतील, खोटं बोलणारा माणूस नव्हता."

मी लॅपटॉप उघडला होता. तो तसाच उघडा राहिला. जे वाक्य ऐकायला मी आले होते, ते मला मिळालं होतं, आणि ते माझ्याच खोट्याच्या बळावर मिळालं होतं. त्या दिवशी तपासणीच्या माणसापुढे मामांकडे बोलायला एकच मुद्दा उरला होता, की दोष कॉम्प्युटर बसवणाऱ्याचा असू शकतो. तो त्यांनी स्वतःच माझ्यासाठी सोडून दिला. मी पुन्हा सांगू लागले, पण शेठना आता माझ्यापेक्षा मेलेल्या नानांवर जास्त विश्वास होता. जिवंतपणी तो दाखवला असता तर... पण कोणत्या तोंडाने म्हणू?

तिथून मामीकडे गेले. ती दारातच बसली होती. म्हणाली, काय म्हणे शेठ? मी म्हटलं, म्हणाले, नाना खोटं बोलणारा माणूस नव्हता. मामीने पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "मंग इतला दिन काबर लागनात त्यासले हाई सांगाले?"

त्याचं उत्तर शेठकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. तरी मी पाणी पिऊन निघाले. मिलमध्ये शेठपुढे घडाघडा बोललेली मी, मामीपुढे पुन्हा गप्प बसले, कारण शेठकडून फार तर काम गेलं असतं, इथे घर तुटलं असतं.

मामी दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचते. वाचायला मामांचा चष्मा लावते. तिचा नंबर वेगळा आहे, तिच्यासाठी करून आणलेला चष्मा तसाच पडून आहे, डोकं दुखेल म्हणून मी कितीदा ओरडले तरी ऐकत नाही. अक्षर अंधुक दिसतं म्हणून एकेका शब्दावर बोट ठेवून, हळूहळू, पण शेवटपर्यंत वाचते. हेही वाचेल, म्हणून इथे लिहिते आहे. मामी, मशीनमध्ये सोय होती. मी मामांना खोटं सांगितलं.